एक चमचा तोरंजन

गोळ्यांच्या डबीवरचा दिवा सलग अठराव्या सकाळी तांबडा लागला, तेव्हा केतकीने बाबांना तोंड उघडायला सांगितलं.

"जीभ वर करा."

दिगंबर तिरोडकरांनी जीभ वर केली. मग स्वतःहूनच ती डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली आणि तोंड मिटून म्हणाले, "दात मोजायचे राहिले. खालचे नऊ आहेत."

"बाबा, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही. खरंच नऊच आहेत."

एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेला हा माणूस. निवृत्तीला दहा वर्षं झाली तरी घरातली प्रत्येक वेळ तो ध्वनिक्षेपकावर सांगितल्यासारखी सांगायचा. आता त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "आठ वाजून दोन मिनिटं. गोळी सुटली."

केतकी हसली नाही. तिने त्यांच्या दंडावरच्या टिकलीकडे पाहिलं. रुपयाएवढी, कातडीच्या रंगाची ती चकती दर तासाला अंगातलं औषध मोजायची आणि आकडा डबीला कळवायची. सहा ते नऊच्या मध्ये आकडा असला की सगळं ठीक. गेली चार वर्षं तो सव्वासात-साडेसातच्या आसपास हलायचा, तेवढाच. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तो थेट सव्वातीनपर्यंत उतरला होता. मग डबीने आपणहून अर्धी गोळी वाढवली. तरीही तो साडेचारला अडकून बसला होता, आणि दीड गोळी ही बाबांच्या वर्गाची कमाल मर्यादा होती.

साडेचार म्हणजे काय, हे घरात कुणालाच समजावून सांगायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी बाबांना आईची किडनी बसवली होती. दुसऱ्याचा अवयव शरीर कधी मनापासून स्वीकारत नाही. त्याला रोज गप्प बसवावं लागतं, आणि ते काम ती गोळी करायची. गोळी कमी पडली की शरीर किडनीवर उलटतं.

आणि आई जाऊन आता पंचवीस दिवस झाले होते. मेंदूत रक्तस्राव झाला, तीन दिवस दवाखान्यात काढले आणि संपलं. तिची दुसरी किडनी तिच्याबरोबर गेली. ही एक उरली होती, बाबांच्या पोटात, उजव्या बाजूला.

केतकीने सावंतवाडीच्या ज्युनिअर कॉलेजातून दीड महिन्याची रजा काढली होती. भौतिकशास्त्र शिकवणारी बाई ती. आकडा कारणाशिवाय हलत नाही, एवढं ती ठामपणे जाणून होती.

*

'नेमकी मात्रा' योजना आली तेव्हा लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं, आणि त्याला तसंच कारण होतं. पूर्वी सगळ्यांना सारखीच गोळी मिळायची. पण गिळलेली गोळी सगळीच्या सगळी रक्तात पोचत नाही. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात एक विकर असतं. नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायासारखं ते येणारं औषध अडवतं आणि मोडून टाकतं. कुणाच्या अंगात हे शिपाई भरपूर, कुणाच्या अंगात थोडे. त्यामुळे एकाला एक गोळी पुरते, दुसऱ्याला तीन लागतात. आधी हे मोजताच येत नसे, म्हणून सगळ्यांना जास्तीची गोळी देत आणि सगळे जास्तीचे पैसे भरत. टिकली आली आणि ज्याला जेवढी हवी तेवढीच गोळी देता येऊ लागली. यकृत बघून माणसांचे तीन वर्ग पडले: जलद, मध्यम, मंद. बाबा 'मंद' निघाले. ज्या गोळ्यांसाठी पहिल्या दोन वर्षांत तिरोडकरांची काजूची बाग गेली, त्या त्यांच्या निवृत्तिवेतनात बसू लागल्या.

मग लोकांनी शिपायालाच झोपवायची युक्ती शोधून काढली. काही आंबट-कडू फळांत असा एक पदार्थ असतो, की तो या विकराला कायमचा अडकवून ठेवतो. शरीराला नवीन विकर बनवायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर एक गोळी अडीच गोळ्यांचं काम करते. शहरांत लोक पेल्याने रस पिऊ लागले. गोळ्या वाचल्या, पण फळाफळात फरक असतो. काहींचा आकडा एका दुपारी वीसच्या वर गेला आणि माणसं दगावली. तेव्हापासून करारात एक कलम आलं. बाहेरून असा लगाम लावलेला आढळला, की फसवणूक. योजनेतून नाव कायमचं बाद.

अकराच्या सुमारास योजनेच्या कंपनीचा फोन आला. बोलणारी बाई गोड होती, किंवा बाई नसून यंत्र होतं. हल्ली कळत नसे.

"श्री. तिरोडकर यांचा आकडा पंधरा दिवसांहून अधिक काळ मर्यादेखाली आहे. दहा दिवसांत सुधारणा न झाल्यास त्यांचं 'जलद' वर्गात पुनर्वर्गीकरण होईल. नवा हप्ता ऐकायचा आहे का?"

केतकीने ऐकला. बाबांचं निवृत्तिवेतन आणि तिचा निम्म्याहून जास्त पगार. तिने फोन ठेवला.

दुपारी कुडाळच्या किडनी केंद्रातून डॉक्टर मुजावरांचा फोन. तालुक्याला हे एकच केंद्र, आणि त्यात हा एकच डॉक्टर. "केतकीताई, रक्ताचा रिपोर्ट आलाय. किडनीवर ताण पडायला लागलाय. अजून हाताबाहेर गेलेलं नाही, पण वेळ फार नाही. एक विचारू? राग मानू नका. जोडीदार गेल्यावर काही पेशंट गोळी तोंडात ठेवतात आणि नंतर थुंकतात. यकृत असं एका आठवड्यात बदलत नसतं हो."

तिला राग आला नाही. तीही तेच समजून चालली होती.

बाबा ओटीवर आरामखुर्चीत बसले होते. समोर आईची सुपारी कातरायची जागा रिकामी होती.

"गोळ्या कुठे टाकता?" तिने विचारलं.

"कुठल्या गोळ्या?"

"बाबा, मला फक्त एक सांगा. तुम्हाला आईमागे जायचंय का?"

त्यांनी सदरा थोडा वर करून उजव्या बाजूच्या व्रणावर हात ठेवला.

"ही माझी आहे का, टाकून द्यायला?" ते म्हणाले. "तिने ठेवायला दिलीय. ठेवायला दिलेली वस्तू मी आजवर हरवलेली नाही. डेपोत विचार कुणालाही."

केतकी आत निघून गेली. तरीही तिने घर शोधलं. विश्वास बसला नाही असं नव्हे. आकड्याला कारण हवं होतं. उशीच्या अभ्र्यात, तांदळाच्या डब्यात, न्हाणीच्या मोरीपाशी, तुळशीच्या मातीत. शेवटी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, जिथे आईच्या मोरंब्याच्या बरण्या असायच्या, तिथे हात घातला. बरण्यांच्या रिकाम्या जागेमागे भिंतीला टेकून एक लांबोडी वही उभी होती.

अंगणवाडीचं जुनं रजिस्टर होतं ते. आई सत्तावीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. गावातल्या निम्म्या पोरांना तिने तराजूच्या झोळीत लोंबकळत ठेवून जोखलं होतं. तिच्याजवळ दोन-तीन कोरी रजिस्टरं उरलेली असणं साहजिक होतं. पण हे कोरं नव्हतं. 'बालकाचे नाव' या रकान्यात पानभर एकच नाव होतं: दिगंबर. 'वजन' या रकान्यात रोजचा आकडा. ७.३, ७.४, ७.६. आणि 'पूरक आहार' या रकान्यात: १ च., १ च., पाऊण च.

केतकी तिथेच फळीखाली स्टुलावर बसली.

पहिल्या पानावर आईचं टपोरं अक्षर होतं. "गोळीने तोंड कडू होतं म्हणतात, म्हणून मोरंबा देते. फॉर्मात लिहिलं आहे. उत्तर आलं नाही." मग वर्षभर नुसते आकडे. मग एका श्रावणातलं पान: "बरणी संपली. दोन दिवस दिला नाही. आकडा उतरू लागला. माहेरून वाटीभर आणला, अर्धा चमचा दिला, दोन दिवसांनी एक. आकडा परत आला. म्हणजे हे मोरंब्याचं आहे." त्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं: "एकदम वाढवू नये. एकदम थांबवू नये."

तोरंजनाचा मोरंबा. मुलाच्या डोक्याएवढं ते आंबट-कडू फळ; चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावरच्या माटवीला, लाकडी चौकटीला, टांगलेलं, विसर्जनानंतर आई ते सोडवून घ्यायची आणि परड्यातली आणखी दहा-बारा काढून, सालीसकट कातरून वर्षभराचा मोरंबा घालायची. बरण्या भिंतीसारख्या रांगेत लागायच्या. शहरातले लोक पेल्याने प्यायचे आणि मरायचे. आईने चमच्याने दिला आणि रोज आकडा लिहून ठेवला.

बाबांचं यकृत मंद नव्हतं. कधीच नव्हतं. त्यांच्या आतड्यातल्या शिपायाला रोज सकाळी आठ वाजता आई झोपवत होती. टिकली पहिल्यांदा दंडाला लागली त्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणून यंत्राला उडी कधी दिसलीच नाही. त्याने आईचा हात हाच बाबांचा देह धरला.

आणि तो हात कुणी थांबवला? सुतकात तेरा दिवस घरात गोड नाही. बाबांनी मोरंब्याला हात लावला नाही. आणि तेराव्या दिवशी, गोडाचं जेवण झाल्यावर, ज्या बायका आल्या होत्या त्यांना आईची आठवण म्हणून केतकीने एकेक बरणी दिली होती. पाचच्या पाच. देताना बरं वाटलं होतं.

*

पाचांपैकी चौघींच्या बरण्या केव्हाच संपल्या होत्या. उरल्या शैलाकाकी, ओहोळापलीकडच्या. रक्ताचं नातं नाही, पण आईशी चाळीस वर्षांचा शेजार.

"काय गो, इतक्या उन्हाची?" काकीने हातातलं सूप खाली ठेवलं. "बस. पाणी हाडतंय."

"काकी, तेराव्याला बरणी दिली होती ती आहे?"

"आसा की. अर्धी आसा. माझ्या सुनेक कडू लागता म्हणान वाचली. नायतर त्या घराक काय पुरता?"

"ती मला परत हवी होती."

काकी थांबली. "परत?"

"हो."

"दिल्लेली वस्तू कोण परत मागता गो? मरणाऱ्याच्या नावान दिल्लेली? लोक काय म्हणतीत?"

"लोकांना सांगू नका."

"सांगूक नाय तर कळाचा नाय? ह्या गावात?" काकीने डोळे बारीक केले. "बापाशीक बरा नाय काय?"

केतकीला खरं सांगता येत नव्हतं. काकीला कळलं म्हणजे गावाला कळलं, आणि गावाला कळलं म्हणजे आठवड्याभरात डबीवाल्यांनाही. काकी गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि फडताळातून बरणी घेऊन आली. बरणीला पांढरं फडकं बांधलेलं होतं, आईने बांधलं होतं तसंच.

"ने. माका कायएक सांगू नको. तुझ्या आवशीन चाळीस वर्षांत माझ्याकडे एक वाटी साखर मागल्यान नाय. तिचा चेडू मागता तर काय तरी असतला." आणि केतकी पायरी उतरत असताना मागून, "बरणी धुवन परत हाड हां!"

घरी येऊन केतकीने मोरंबा चमच्याने मोजला. बारा. तोरंजनं आता भाद्रपदाशिवाय नाहीत, आणि हा फाल्गुन.

घरात बारा चमचे होते, आणि ते द्यायला तिला कुणी अडवणारंही नव्हतं. फक्त डबी दीड गोळी देत होती, आणि त्यावर चमचा पडला तर आकडा अकराच्या पुढे जाणार. गोळी आपण मोडून कमी केली, तरी टिकलीला एका दिवसात चढलेला आकडा दिसणार. यंत्र नेमकं तेच शोधत असतं. आईसारखं पाव चमच्यापासून हळूहळू चढायचं, तर तेवढे दिवस किडनीजवळ नव्हते. तेवढा मोरंबाही नव्हता. आणि ती आई नव्हती. आईचा हात सत्तावीस वर्षं पोरं जोखून झालेला होता.

सांगितलं तर नाव बाद होणार, नाही सांगितलं तर किडनी जाणार.

तिने रजिस्टर आणि बरणी पिशवीत घातली आणि कुडाळची गाडी पकडली.

*

डॉक्टर मुजावरांनी रजिस्टर उभ्यानेच वाचायला घेतलं. तिसऱ्या पानावर ते खुर्चीत बसले. दहाव्या पानावर त्यांनी उठून केबिनचं दार लावलं.

"ताई, हे तुम्ही मला दाखवायला नको होतं."

"मग कुणाला दाखवायचं?"

"माझी अडचण समजून घ्या. दाखवलंत म्हणजे मला नोंद करावी लागते. नोंद केली की ते कलम लागतं. बाबांचं नाव संध्याकाळपर्यंत बाद." त्यांनी रजिस्टरवर पालथा हात ठेवला, मिटवल्यासारखा. "चार वर्षं. सव्वासात ते साडेसात. माझ्या एकाही पेशंटचा आलेख इतका सरळ नाही. मी दोन ठिकाणी भाषणात दाखवलाय तो. 'आदर्श मंद यकृत' म्हणून."

"नोंद करा," केतकी म्हणाली. "पण आधी पहिलं पान बघा. ती म्हणते फॉर्मात लिहिलं आहे."

"कुठल्या फॉर्मात? नोंदणीच्या फॉर्मात फक्त खुणा करायच्या असतात. हो, नाही. मोरंब्याचा चौकोन नाहीये त्यात."

"माझी आई सरकारी रजिस्टरं भरत आली होती, डॉक्टर. तिने 'लिहिलं आहे' म्हटलं तर लिहिलं असणार. मूळ कागद असेल ना?"

डॉक्टरांनी संगणकावर फाइल उघडली. चार वर्षांपूर्वीचा फॉर्म, सहा पानं, स्कॅन केलेला. यंत्राने वाचलेल्या खुणांभोवती हिरवी वर्तुळं होती. पहिलं पान. दुसरं. पाचवं. केतकीला पडद्याकडे बघवेना. ती टेबलावरच्या काचेखालच्या दिनदर्शिकेकडे बघत राहिली. सहाव्या पानावर तळाशी 'इतर काही' अशी दोन ओळींची जागा होती. तिच्याभोवती हिरवं वर्तुळ नव्हतं. यंत्राने ती वाचलीच नव्हती. त्याला तिथे खूण दिसली नव्हती.

डॉक्टरांनी ती जागा मोठी केली. टपोरं अक्षर पडदाभर पसरलं.

"रोज सकाळी गोळीबरोबर तोरंजनाचा मोरंबा एक चमचा देते. चालेल का, कळवावे. सौ. सुनेत्रा दि. तिरोडकर."

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"चालेल का, कळवावे," ते हळूच म्हणाले. "चार वर्षांत आम्ही कुणी कळवलं नाही."

केतकीने मान खाली घातली आणि दोन्ही हातांनी पिशवी घट्ट धरून ठेवली. थोड्या वेळाने डॉक्टरांचा आवाज बदलला, कामाचा झाला.

"ऐका. हे असेल तर फसवणुकीचं कलम लागत नाही. नोंदणीच्या दिवशी सांगितलेली सवय ही पेशंटच्या शरीराचाच भाग धरतात. वर्ग ठरला तो या चमच्यासकट ठरला. ती सवय बंद पडली, तर तिच्या जागी मोजून देता येईल असं काही मी सुचवू शकतो. रक्तदाबाची एक जुनी, स्वस्त गोळी आहे, तीही याच विकराला आवरते. रोज सारखी, फळासारखी लहरी नाही. समितीची सही लागेल. ते वाद घालतील, पण हे पान बघून किती घालतील? दहा दिवस धरा."

"दहा दिवसांत किडनी..."

"बरणीत किती आहे?"

"बारा चमचे."

डॉक्टरांनी डबीचा आदेश बदलला. दीडाची पुन्हा एक गोळी केली. मग रजिस्टर तिच्याकडे सरकवलं. "उद्यापासून एक चमचा, आठ वाजता. तुमच्या आईने लिहिलंय, एकदम वाढवू नये. आपण तिचं मोडतोय, कारण वेळ नाही. टिकलीवर मी स्वतः लक्ष ठेवतो. दहाच्या वर गेला तर लगेच निघून या."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गोळी घेतली. केतकीने चमचा पुढे केला. त्यांनी वासावरूनच ओळखलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे परत कुठून आलं?"

तिने सांगितलं. सगळं, रजिस्टरपासून ते पडद्यावरच्या दोन ओळींपर्यंत. बाबा चमच्याकडे बघत ऐकत होते.

"मला हा कधीच आवडला नाही," ते म्हणाले. "सालीसकट करायची ना ती. कडूजहर. मी तिच्या मनासाठी खात होतो. म्हटलं, एवढं करते तर खावा. इतकी वर्षं मी समजत होतो, मीच तिचं मन राखतोय."

त्यांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि गिळला. केतकीने या वेळी जीभ वर करायला सांगितलं नाही.

ते दहा दिवस तिने आकड्याकडे बघत काढले. पाच. पाच पूर्णांक आठ. मग एका दुपारी अचानक नऊ पूर्णांक सहा; घराचं कुलूप हातात घेऊन ती दारात उभी राहिली, बाबा चप्पल घालून पायरीवर, आणि तासाभराने नऊ पूर्णांक एक. पुढच्या सकाळी पाऊण चमचा. आठ. सात पूर्णांक सात. मुजावरांचा फोन आला की किडनीवरचा ताण उतरतोय. अकराव्या दिवशी समितीची सही आली आणि तिच्याबरोबर एका पाकिटात पांढऱ्या गोळ्या, बिनवासाच्या, बिनचवीच्या.

बाराव्या दिवशी सकाळी बाबांनी दोन गोळ्या घेतल्या. डबीवरचा दिवा हिरवा होता. त्यांनी पेला खाली ठेवला, आणि तिथेच बसून राहिले.

"आणि तो?" त्यांनी विचारलं.

"आता नाही बाबा. दोन्ही मिळून जास्त होईल. आता कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केला. केतकीने बरणी दिली. तळाशी जेमतेम एक चमचा राहिला होता, काळपट सोनेरी. बाबांनी फडकं सोडलं, बरणी नाकाजवळ नेली आणि तशीच धरून ठेवली. डेपोत गाडी सुटायची घोषणा करण्याआधी ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून ठेवावा तशी. केतकीने रजिस्टर ओढून घेतलं. दिगंबर. ७.४. 'पूरक आहार' या रकान्यात काय लिहावं, हे तिला कळेना. तिने तो कोरा ठेवला.

बाबांनी फडकं परत बांधलं. आईची गाठ त्यांना जमली नाही. दोनदा सोडून पुन्हा बांधली.

"आठ वाजून अकरा मिनिटं," ते म्हणाले. आवाज ध्वनिक्षेपकावरचा होता, फक्त थोडा खाली. "शैलाला सांग, बरणी यायला उशीर होईल."